कोठीचं कपाट : डोंबिवलीतल्या एका स्वयंपाकघराच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

महाशिवरात्रीला घरात साबुदाणा नाही म्हणून सकाळी सातला कोपऱ्यावरच्या दुकानात पळत गेले होते. आज ओट्याखालचं डावीकडचं कपाट रिकामं केलं, तर मागच्या रांगेत अर्ध्या-अर्ध्या किलोच्या तीन पिशव्या निघाल्या. शिवाय जाळी धरलेलं बेसन, गेल्या उन्हाळ्यातल्या शेवया, हिंगाच्या दोन न फोडलेल्या डब्या आणि मेतकुटाची एक बरणी, जिच्यातलं मेतकूट आता नुसत्या धुळीसारखं लागतं. बेसन आणि शेवया टाकताना आईंचा चेहरा बघवत नव्हता. (आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७२. धान्याचा दाणा वाया गेलेला त्यांना सोसत नाही.)

कपाट २२ इंच खोल आहे. पुढे बरण्या लावल्या की मागचं दिसत नाही, आणि मागचं काढायला गुडघ्यावर बसावं लागतं. आईंना ते जमत नाही, मला जमतं पण मी करत नाही. त्यात कपाट भुशाच्या बोर्डाचं असल्यामुळे तळ पाणी पिऊन फुगलाय. बोटानं दाबलं की चुरा होतो.

फ्रिजशेजारी भिंतीत जो कोनाडा आहे, जिथे आता इस्त्रीचं टेबल आणि रद्दी असते, तिथे साठवणीचं उभं कपाट करायचं, असं घरात ठरलं. ३ फूट रुंद, २ फूट खोल, वर तुळई. पावसाळ्याआधी व्हायला हवं. मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमाराला येतो, म्हणजे हातात तीन महिने आहेत.

९ मार्च, रविवार

कपाटाचं चित्र काढण्याआधी डबे मोजायचे, एवढं मी पक्कं ठरवलं होतं. सगळे डबे-बरण्या हॉलमध्ये सतरंजीवर मांडले आणि टेप घेऊन बसले. मुलीनं वहीत लिहून घेतलं.

किलोभर मावणाऱ्या बरण्या १६, प्रत्येकी ४ इंच रुंद, साडेसहा इंच उंच. मसाल्याचे आणि किरकोळ छोटे डबे २०, ३ इंच रुंद, ४ इंच उंच. पोहे, चुरमुरे, पापड-कुरडयांचे उंच डबे ४, रुंदी ८ इंच, उंची १० इंच. तांदूळ आणि तूरडाळीचे पाच किलोंचे चौकोनी डबे ४. गव्हाची ५० किलोंची कोठी एक, सध्या बेडरूममध्ये पलंगामागे. फराळाचं सामान वेगळं: सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र, अनारशाची झारी.

वजनंही केली. एकाच बरणीत तांदूळ भरला तर किलोच्या आसपास भरतो, पोहे त्याच्या निम्मेही भरत नाहीत. म्हणजे डब्याचा आकार बघून कुठला कप्पा हे ठरवता येत नाही, आत काय आहे ते बघावं लागतं. उंच डबे दिसायला मोठे पण हलके, त्यांना वर जायला हरकत नाही. चौकोनी डबे बुटके, पण उचलताना मनगट दुखतं.

१६ मार्च, रविवार

एका मॉड्युलर किचनच्या दुकानात जाऊन आलो. उभं पुलआउट दाखवलं: दार ओढलं की सहा जाळ्यांचा अख्खा मनोरा बाहेर येतो. बघायला फार छान. कोटेशन १ लाख १८ हजार.

किमतीपेक्षा मला दुसरीच गोष्ट खटकली. सगळं वजन एकाच चौकटीवर आणि वरखालच्या रुळांवर. आईंना अर्धी वाटी मोहरी हवी असली तरी ४० किलोंचा मनोरा ओढायचा. शिवाय मनोरा बाहेर आला की डबे बाजूनं काढायचे, आणि आमच्याकडे एका बाजूला फ्रिज. मी दुकानातल्या मुलाला विचारलं, "जाळीतून चार इंची बरणी आडवी पडणार नाही का?" तो म्हणाला, "मॅडम, त्याचे कंटेनरही आमच्याकडे मिळतात."

डबे बदलायचे नाहीत. आईंचे पितळी डबे त्यांच्या लग्नातले आहेत.

१९ मार्च, बुधवार

रात्री जेवणं झाल्यावर कोनाड्याच्या भिंतीवर खडूनं खुणा केल्या. आईंची उंची ४ फूट ११ इंच. त्यांना भिंतीशी उभं केलं, हातात एक किलोची भरलेली बरणी दिली आणि म्हटलं, वाकायचं नाही, टाचा उचलायच्या नाहीत, कुठून कुठपर्यंत सहज ठेवता-काढता येते ते दाखवा. खालची खूण २४ इंचांवर आली, वरची ५५ इंचांवर. हलका डबा, तोही दोन्ही हातांनी, ६२ पर्यंत जातो. त्याच्या वर नाही.

या तीन आकड्यांवर कपाट उभं राहणार. जुन्या कपाटात रोजचं सगळं सामान जमिनीपासून ४ ते २० इंचांत आहे, म्हणजे आईंच्या हाताच्या टप्प्यात एकही कप्पा नाही. दहा वर्षं त्या रोज वाकतायत आणि आपल्या लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

३० मार्च, पाडवा

सुट्टी असल्यानं गव्हाचा विषय निघाला. नवऱ्याचं म्हणणं, आता कोपऱ्यावर दुकान आहे, महिन्याला १२ किलो लागतात, १५-२० किलोंचीच कोठी ठेवू, कपाटात जागा उरेल. हिशोबाला धरून होतं. मलाही पटलं होतं.

आई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी गुढी उतरवून झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचं माहेर माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, नुकतं लग्न ठरलेलं. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायच्या. तिथे सुकडी, म्हणजे पिठाचा पौष्टिक खाऊ, मिळायची, आणि घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी. "भाकरी थापताना तुटायची ती," म्हणाल्या. "घरात कणगी होती गं, पण रिकामी. तिच्यावर हात मारला की आवाज यायचा. तो आवाज मला अजून सहन होत नाही."

मग म्हणाल्या, "तुम्हाला अडचण होत असेल तर राहू दे."

अडचण आपण काढू. गहू ५० किलो राहणार.

३१ मार्च

५० किलोंची कोठी मोजली. व्यास १५ इंच, झाकणासकट उंची २४. भरलेली असली की कोणालाच हलत नाही, आणि कपाटात ठेवली तर झाकण उघडायला वर जागा हवी. त्याऐवजी २५ किलोंच्या दोन: व्यास १४, उंची सव्वाचौदा. प्रत्येकीखाली चाकांची पाटी. आईंना एक कोठी पायानं सुद्धा पुढे ओढता येईल. शिवाय एक संपेपर्यंत दुसरी उघडायचीच नाही, म्हणजे किडे लागलेच तर एकीला लागतील. पोरकिडा दाण्याच्या आत अंडं घालतो, तो बऱ्याचदा दुकानातूनच येतो; कोठी कितीही घट्ट असली तरी आत आलेला आतच वाढतो. म्हणून दोन कोठ्या ही केवळ सोय नाही.

६ एप्रिल, रविवार

फळीची परीक्षा. शेजाऱ्यांच्या कामातून उरलेली १८ एमएम प्लायची पट्टी मिळाली, १२ इंच रुंद. दोन स्टुलांवर ठेवली, मधलं अंतर ३४ इंच, म्हणजे साधारण कपाटाच्या आतल्या रुंदीइतकं. वर तांदूळ आणि गूळ मिळून ४० किलो. दोन टोकांना दोरा ताणून मध्ये पट्टी लावली: जवळजवळ ४ मिलीमीटर झोल. तसंच राहू दिलं.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी ५ मिलीमीटर. लाकूड वजनाखाली हळूहळू बसतच राहतं, हे ऐकलं होतं, आज पाहिलं. दोन वर्षांत दारं फळीला घासायला लागतील.

उपाय साधा: मध्ये उभा पार्टिशन. आधारांमधलं अंतर निम्मं झालं आणि फळीवर त्याच दाटीनं सामान ठेवलं, तर झोल निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. जाड फळीवर पैसे घालण्यापेक्षा एक उभी फळी जास्त काम करते. रुंद, अखंड कप्पा दिसायला मोकळा वाटतो, त्याचा मोह सोडला.

१३ एप्रिल, रविवार

कोनाड्याच्या मागे बाथरूम आहे. भिंतीला ओल असेल तर कितीही चांगलं प्लाय घ्या, उपयोग नाही. दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावला, एक खाली, एक छातीच्या उंचीला.

१५ एप्रिल, मंगळवार

वरचा कागद कोरडा. खालच्या कागदाच्या आत, भिंतीकडच्या बाजूला, थेंब. बोट फिरवलं तर ओलं झालं. म्हणजे हवेतली नाही, भिंतीतलीच ओल.

रंग लावून झाकायचं नाही. प्लंबरला निरोप धाडला.

२० एप्रिल, रविवार

बाथरूमच्या टाइल्सचे सांधे खालच्या तीन ओळींत पोकळ झालेले आणि नळाच्या मागची सॉकेट झिरपत होती. सांधे खरवडून नव्यानं भरले, सॉकेट बदलली. आता भिंत सुकायला हवी. प्लंबर म्हणाले किमान तीन आठवडे, पंखा लावला तर बरं. कोनाड्यातली रद्दी काढून टेबल फॅन ठेवलाय.

याच आठवड्यात आईंनी गहू घेतला, लोकवन. गच्चीवर दोन दिवस चादरीवर पसरून वाळवला. दाणा दाताखाली धरून कट्कन तुटतो का बघतात. मऊ दबला तर अजून एक दिवस. वाळलेल्या गव्हाला कीड लवकर धरत नाही, याची त्यांची परीक्षा एवढीच, आणि ती चुकलेली मी पाहिली नाही. पोती बेडरूममध्ये.

२३ एप्रिल, बुधवार

प्लायचे दोन तुकडे मिळवले. एकावर आयएस ७१०चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का, दुसऱ्यावर काहीच नाही, दुकानदाराच्या शब्दात "वॉटरप्रूफच आहे ताई". अंघोळीचं पाणी तापवायचं जुनं पातेलं घेतलं, दोन्ही तुकडे बुडवून चार तास उकळले. खिडक्या उघड्या, स्वयंपाक आधी उरकलेला, कारण वास येतो.

बिनशिक्क्याच्या तुकड्याचा कोपरा दोन तासांत फुलासारखा उमलला. सुरीचं टोक सहज आत गेलं, आणि मधले थर वेगवेगळ्या लाकडाचे निघाले, एका जागी तर थरच नव्हता, नुसती पोकळी. सातशेदहाचा तुकडा काळपट झाला, पण सुटला नाही. त्याच्या कडेला थरांच्या मध्ये गडद तांबूस रेघा दिसतात, तो फिनॉलचा डिंक. सातशेदहाच्या कसोटीत प्लाय ७२ तास उकळतात. माझ्या चार तासांनी चांगलं प्लाय सिद्ध होत नाही, पण वाईट नक्की बाद होतं.

सगळं कपाट सातशेदहाचं करायचं. वरच्या भागाला साधं, आयएस ३०३चं प्लाय चाललं असतं, पण या भिंतीनं मला एकदा घाबरवलंय.

२७ एप्रिल, रविवार

आज पुठ्ठ्याचं कपाट केलं. फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे इमारतीतल्या एकांकडून आणले आणि कोनाड्यात खऱ्या मापानं उभे केले.

आराखडा असा: खाली ३२ इंच उंचीपर्यंत कोठ्यांचा आणि ड्रॉवरचा खोल भाग, त्यावर उथळ कप्पे. खालचा भाग खोल आणि वरचा उथळ असल्यामुळे मध्ये एक कट्टा सुटतो. कट्टा मला हवाच होता. डबा काढला की टेकवायला जागा लागते. आई आत्ता डबा पोटाशी धरून एका हातानं झाकण उघडतात.

माझ्या कागदावर खालचा भाग २२ इंच खोल होता, वरचा १०, म्हणजे कट्टा १२ इंचांचा. पुठ्ठ्यासमोर आई उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या कप्प्यापर्यंत हातच पोचेना. कट्ट्यानं त्यांना भिंतीपासून लांब ढकललं होतं. खडूच्या खुणा करताना त्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या, मधल्या कट्ट्याचा विचार मी केलाच नव्हता.

पुठ्ठा कापत गेलो. २० केलं, तरी नाही. १८ केलं, तेव्हा कट्टा ८ इंचांचा झाला आणि हात ६१ इंचांपर्यंत गेला. कोठी १४ इंचांची, ती १८मध्ये बसते. मागे दोन-अडीच इंच उरतात, तिथे आडवी पट्टी मारायची, म्हणजे कोठी मागे सरकून अडकणार नाही.

दुसरी गोष्ट आईंनीच काढली. "कट्ट्यावर काही ठेवलं असलं की वरचं दार उघडणार कसं?" बरोबर. दार कट्ट्यावर घासत फिरणार. म्हणून वरचं कपाट कट्ट्यापासून १० इंच उचललं. मधली मोकळी जागा चहा-साखरेला, तेलाच्या किटलीला आणि मिसळणाच्या डब्याला. ती रोज पाच वेळा लागतात, दाराआड हवीतच कशाला.

२८ एप्रिल

नवऱ्याचा प्रश्न: कोनाडा २४ इंच खोल, कपाट १८ आणि वर १०. एवढी जागा वाया का घालवायची?

उत्तर इथे लिहून ठेवते, कारण सुतारकाकाही हेच विचारतील. २ मार्चला जे निघालं ते सगळं त्या जास्तीच्या खोलीतून निघालं. माझ्या माहेरी वाईला मातीच्या जाड भिंतीत फडताळ होतं, वीतभर खोल. आजी दार उघडायची आणि एका नजरेत घरातलं सगळं सामान तिला दिसायचं. काय संपत आलं ते यादी न करता कळायचं. साबुदाणा दोनदा आणला असं तिच्या घरी होणं शक्य नव्हतं. १० इंचांत बरण्यांच्या दोनच रांगा बसतात. मागच्या रांगेखाली लाकडाची पायरी घालायची, मोठ्या बरण्यांना ६० मिलीमीटरची, छोट्या डब्यांना ४० ची. म्हणजे मागची रांगही पुढच्या रांगेच्या डोक्यावरून दिसेल.

दिसत नाही ते घरात नाही, असं धरून चालायचं. त्याला पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न हँडलचा होता.

४ मे, रविवार

सुतारकाका आले. मूळचे देवरुखचे, इमारतीत दोन घरी त्यांचं काम बघितलंय. आधी ओळंबा लावला, मग गुण्या. कोनाड्याची रुंदी वर ३६ इंच, मध्ये ३५ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), खाली ३६ इंच २ सूत. "वहिनी, भिंतीचं सर्वांत लहान माप ते आपलं माप," म्हणाले, आणि सांगाडा ३५ इंचांचा धरला. बाजूच्या फटी पट्टीनं झाकायच्या.

त्यांनी दोन बदल सुचवले, दोन्ही घेतले. पहिला, दाराआड ड्रॉवर ठेवू नका. दार पूर्ण उघडलं नाही तर ड्रॉवर बिजागरीला आपटतो, आणि ते टाळायला बाजूला पॅकिंग घातलं की दीड-दोन इंच जातात. ड्रॉवरला स्वतःचाच दर्शनी भाग द्यायचा. दुसरा, तळाला प्लाय नकोच, चार इंचांच्या विटेच्या बैठकीवर कडप्पा टाका. फरशी धुतली तरी पाणी सांगाड्याला लागणार नाही, आणि ५० किलो गव्हाची चाकं दगडावर फिरतील. कट्ट्यालाही कडप्पाच घालू का, असं विचारलं, तर मी नको म्हटलं. कडप्पा चुनखडीचा दगड, लिंबू-चिंच सांडली की डाग कायमचा. कट्ट्यावर लोणच्याची बरणी टेकणार. तिथे काळा ग्रॅनाइट.

जाळीच्या दाराचा माझा बेत मात्र मी सोडला. कांदे-बटाटे आत ठेवायचेच नाहीत, ते बाल्कनीतल्या टोपल्यांत, दोन वेगळ्या. मग जाळीतून झुरळांनाच वाट.

५ मे

अंतिम मापं, जमिनीपासून इंचांत: बैठक ० ते ४. सांगाड्याचा खालचा भाग ४ ते ३२, त्यात खाली दोन कोठ्या, वर दोन ड्रॉवर. कट्टा ३२ ते ३३. मोकळी जागा ४३ पर्यंत. वरचं कपाट ४३ ते ८८, तुळईपर्यंत.

वरच्या कपाटाचे आतले कप्पे, खालून: २६० मिलीमीटर, किलोच्या बरण्या. १८०, छोटे डबे. ३०५, पोहे-पापडांचे उंच डबे, हलके म्हणून त्या उंचीला. उरलेले ३०८, फराळाचं सामान, वर्षातून चार वेळा लागणारं, ते मी किंवा नवरा काढणार.

पाच किलोंचे चौकोनी डबे ड्रॉवरमध्ये. उचलायचेच नाहीत: ड्रॉवर ओढायचा, झाकण उघडायचं, वाटीनं तांदूळ काढायचा. १६ इंची टेलिस्कोपिक चॅनेल, ४५ किलो क्षमतेचे. आपलं वजन त्याच्या निम्मंही नाही.

फ्रिजच्या बाजू तापतात. हात लावून पाहिलं, दुपारी चांगल्या गरम असतात. म्हणून तिखट, मसाले, शेंगदाणे उजव्या खणात. उष्णतेनं तिखटाचा रंग उतरतो आणि दाण्यांना खवट वास येतो. डाव्या खणात डाळी.

११ मे, रविवार

प्लॅस्टिकचा कागद पुन्हा लावला होता. दोन दिवसांनी कोरडा ठणठणीत. सामान आणलं: १८ एमएम सातशेदहाच्या तीन शीट, प्रत्येक शीटवरचा शिक्का स्वतः बघून. ड्रॉवरला १२ एमएम, पाठीला ६. बाहेरून फिकट राखाडी सनमाइका, आतून पांढरा. आत पांढराच हवा, मुंगीची ओळ आणि सांडलेली डाळ त्यावर लगेच दिसते.

१८ मे

बैठक आणि कडप्पा बसला. सांगाडा उभा. भिंत आणि पाठ यांच्यात इंचभर हवा सोडली आहे.

२६ मे, सोमवार

पहाटेपासून धो धो. आज मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी. इतक्या लवकर कधी आल्याची नोंद नाही म्हणतात. माझ्या सगळ्या तारखा ११ जूनवर बेतलेल्या होत्या.

काका ठाणे सोडून येऊ शकले नाहीत. हॉलमध्ये वरची चार दारं पडून आहेत, दोन आत-बाहेर सनमाइका लावून दाबात ठेवलेली, दोन फक्त बाहेरून लावलेली.

२९ मे

वीज येऊन-जाऊन होती, काका आज आले. ज्या दोन दारांना आतला सनमाइका राहिला होता, ती दोन्ही धनुष्यासारखी वळलीत. जमिनीवर ठेवून मधली फट मोजली, एकाला ३ सूत, दुसऱ्याला १ सूत. एका बाजूनं सनमाइका आणि दुसऱ्या बाजूनं उघडं लाकूड, हवेतला ओलावा फक्त उघड्या बाजूनं आत गेला आणि ती बाजू फुगली. दोन्ही बाजू एकाच दिवशी लावायच्या, हे काकांना माहीत आहे. पावसानं वेळ दिला नाही. १ सुताचं दार उलट दाबात ठेवून, आतून सनमाइका लावून सरळ झालं. ३ सुताचं बाद केलं. उरलेल्या शीटमधून नवीन निघालं, तिसरी शीट पूर्ण घेतली होती म्हणून. त्याची मजुरी काका घेत नव्हते, मी दिली.

कडा सगळ्या बंद केल्या, ज्या दिसत नाहीत त्याही. फळीची मागची कड, बिजागरीच्या खाचा, ड्रॉवरचा तळ. पाणी तिथूनच शिरतं.

१ जून, रविवार

दारं लागली, ड्रॉवर लागले. खर्च सगळा मिळून ६४ हजार, त्यात भिंतीचं काम धरलेलं नाही.

ड्रॉवरमध्ये तांदळाचे डबे ठेवून आईंना ओढायला सांगितलं. एका बोटानं आला. त्यांनी तो तीनदा उघडला आणि मिटला. मग झाकण उघडून तांदळात हात घालून उभ्या राहिल्या.

आठवडाभर दारं उघडी ठेवायची, डिंकाचा वास जाईपर्यंत धान्य आत नाही. तांदळाला वास फार लवकर लागतो. तेही आज परत काढून घेतले.

८ जून, रविवार

वास गेला. सकाळी आत ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं पुसलं आणि भरायला घेतलं. १६ बरण्या बसल्या, २० डबे बसले. उंच डबेही बसले. दार उघडून उंबऱ्यात उभं राहिलं की मागच्या रांगेतली प्रत्येक बरणी दिसते, साबुदाण्याची सुद्धा, एकच.

दुपारी गहू. पोतं सोडल्यावर आईंनी आधी मूठभर दाणे ताटात घेऊन खिडकीशी नेले, दोन दाताखाली फोडले. एप्रिलमध्ये वाळवला होता म्हणून बरं, आता ऊन कुठलं. कोठीच्या तळाला वाळवलेला कडुलिंबाचा पाला, मग गहू, मध्ये पुन्हा पाला. पहिली काठोकाठ भरली. दुसरीत पोतं झटकून शेवटचे दाणे पडले तेव्हा ती वरून चार बोटं रिकामी राहिली. आईंनी झाकण लावलं आणि बाजूला टिचकी मारून पाहिली. आवाज भरीव आला. खालच्या चाकांवर दोन्ही हातांनी ढकलून कोठी स्वतःच आत नेली.

राहिलेलं: उजवं खालचं दार पावसात अर्धा सूत फुगलंय, बिजागरीचा स्क्रू दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की जुळवायचा, आत्ता नाही. कट्ट्याच्या पुढच्या कडेला मोकळ्या जागेत दिवा. ओट्याखालचं जुनं कपाट काढून तिथे फक्त पातेली-कढया, एका रांगेत.